पिकअपचा बिननावाचा हॅझर्ड स्विच: घ्यायचा तर काय तपासून घ्यायचा

स्पेअरच्या दुकानात खिळ्याला टांगलेल्या पारदर्शक पिशवीतला, लाल त्रिकोणाचा हा स्विच. कंपनीचं नाव नाही, पार्ट नंबर नाही. पिशवीवर मार्करने गाडीचं नाव आणि ‘जुना मॉडेल’ एवढंच. मूळ स्विचपेक्षा बराच स्वस्त, म्हणून साध्या वायरिंगच्या, हाताने गिअर टाकायच्या पिकअपवाले हाच उचलतात. निकाल आधीच सांगून टाकतो: घ्यायला हरकत नाही, पण काउंटरवरच मल्टिमीटर लावून, आणि तोही जुना स्विच खरोखर गेलाय हे पक्कं झाल्यावर. डॅशबोर्डवर जे बटण दिसतं त्याच्यावर खापर लवकर फुटतं, एवढंच.

आधी हा स्विच करतो काय ते बघू, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये हॅझर्ड स्विच फक्त चारही दिवे लुकलुकवत नाही. साध्या इंडिकेटरचा करंटसुद्धा त्याच्यातूनच जातो. पिनांवर बऱ्याचदा आकडे छापलेले असतात: ३० म्हणजे बॅटरीचा थेट करंट, १५ म्हणजे किल्लीनंतरचा, ४९ म्हणजे फ्लॅशरकडे (दिवे लुकलुकवणाऱ्या टिकटिक डबीकडे) जाणारा, ४९ए म्हणजे फ्लॅशरमधून लुकलुकत परत येणारा, आणि एल-आर म्हणजे डावी-उजवी बाजू. बटण बाहेर असताना १५ आणि ४९ आतून जोडलेले असतात. बटण दाबलं की ४९ हा १५ला सोडून ३०ला धरतो, आणि ४९ए, एल, आर हे तिन्ही एकत्र येतात. म्हणजे बटणाला कोणी बोट न लावताही त्यातला एक संपर्क प्रत्येक वळणावर राबत असतो. झिजतोही तोच.

म्हणून लक्षणं उलटी वाटतात. हॅझर्ड झकास चालतात पण इंडिकेटर एकाही बाजूला नाहीत, तर किल्लीकडचा फ्यूज किंवा १५-४९चा संपर्क. इंडिकेटर चालतात पण हॅझर्ड मेले, तर थेट बॅटरीकडचा फ्यूज किंवा ३०-४९. दोन्ही गप्प, तर आधी फ्लॅशर आणि त्याची अर्थ (गाडीच्या बॉडीला जाणारी निगेटिव्ह जोडणी). एकाच बाजूला भराभर लुकलुक होतेय तर स्विचचा काही संबंध नाही. त्या बाजूचा २१ वॉटचा बल्ब उडालाय, किंवा कोणीतरी जुन्या फ्लॅशरवर एलईडी बल्ब बसवलाय. आणि डावा इंडिकेटर दिला की चारही लुकलुकतात, तर स्विचमध्ये एल-आर सुटलेच नाहीत, किंवा मागच्या दिव्याची बॉडी अर्थ गेलीय. समुद्रकाठी मासळी वाहणाऱ्या गाड्यांत मागची अर्थ आधी बघा. मिठाचं पाणी चासीवरचा तो एक बोल्ट गंजवतं आणि डॅशबोर्ड उगीच खोलला जातो. तिथे तपासणी सोपी आहे: दिव्याच्या अर्थवरून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत जाडशी वायर धरा, लगेच सगळं सुधारलं तर दोष मागेच.

एक घरगुती खूण: हॅझर्डचं बटण दहा-बारा वेळा दाबून सोडा. इंडिकेटर मध्येच जागे झाले आणि थोड्या वेळाने परत मेले, तर संपर्क काजळलाय. हा पुरावा नव्हे, पण संशयाला पुरेसा.

फ्यूज डोळ्यांनी बघून ‘चांगलाय’ म्हणू नका. किल्ली चालू करून टेस्ट लॅम्पने फ्यूजच्या पाठीवरची दोन्ही टोकं तपासा. दोन्हीकडे दिवा लागला पाहिजे. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५चा, पिवळा २०चा. उडालेल्या लालच्या जागी पिवळा ठोकणं म्हणजे पुढच्या वेळी वायर जळू देणं. आणि इथे गिअरबॉक्सचा एक खोडकरपणा लक्षात ठेवा. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्स दिवा आणि इंडिकेटर एकाच फ्यूजवर असतात. गिअरबॉक्सवरच्या रिव्हर्स स्विचची वायर घासून केसिंगला टेकली की रिव्हर्स टाकताक्षणी फ्यूज जातो, आणि पुढच्या चौकात इंडिकेटर लागत नाही. चालकाला दोन्हींचा संबंध कसा कळणार? नवा फ्यूज टाकून, इंजिन बंद, किल्ली चालू, हँडब्रेक ओढून सगळे गिअर एकेक करून टाका. रिव्हर्सलाच फ्यूज गेला तर गाडीखाली जा, स्विच खरेदीला नको.

फ्यूज ठीक निघाला की खरी परीक्षा. बॅटरीची निगेटिव्ह काढा, डॅशबोर्डची पट्टी प्लास्टिकच्या पट्टीने उचका (पेचकसाने कडा कायमची ओरखडते), स्विच मागून ढकलून काढा आणि कपलर (वायरींचा प्लग) धरून ओढा, वायरी धरून नव्हे. बॅटरी परत जोडा, किल्ली चालू. कपलरमधल्या १५ आणि ४९च्या खाचा १० अँपिअरचा फ्यूज लावलेल्या वायरच्या तुकड्याने जोडा आणि इंडिकेटर द्या. चालले, तर स्विच गेलाय. नाही चालले, तर फ्लॅशरच्या ४९वर करंट पोचतोय का बघा. पोचतोय आणि फ्लॅशर टिकटिकतच नाही, तर त्याची ३१ म्हणजे अर्थ, मग फ्लॅशर स्वतः, आणि शेवटी स्टिअरिंगखालचा दांडा. वायरींच्या रंगांवर विसंबू नका. वापरलेल्या गाडीत आधीच्या मिस्त्रीने हाताला लागेल तो रंग जोडलेला असतो.

नुसता मीटरचा बझर (दोन टोकं जोडलेली असली की वाजणारा) वाजला म्हणून संपर्क चांगला, हाही गैरसमज. हिशोब बघा. एका बाजूला २१ वॉटचे दोन आणि ५ वॉटचा एक, मिळून ४७ वॉट. १२ व्होल्टला जवळजवळ ४ अँपिअर. हॅझर्डला त्याच्या दुप्पट. काजळलेल्या संपर्काचा रोध अर्धा ओहम धरा. बझर वाजेलच, शिवाय साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरीही तेवढ्याच्या जवळपास दाखवतात. पण ४ अँपिअरला तिथे २ व्होल्ट खाल्ले जातात आणि दिवे पेटलेले असताना ८ वॉटची उष्णता एवढ्याशा प्लास्टिकच्या डबीत साठते. पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होतं ते यामुळेच. म्हणून तपासणी भार टाकून करायची: फ्लॅशर उपटून त्याच्या खाचेत ४९ आणि ४९ए जोडा, म्हणजे इंडिकेटर न लुकलुकता स्थिर पेटेल. आता स्विचच्या १५ आणि ४९ पिनांवर मीटर व्होल्टमध्ये लावा. ०.२च्या आत असेल तर स्विच ठणठणीत. अर्धा व्होल्ट किंवा जास्त म्हणजे दिवस भरले.

आता पिशवीतल्या मालाकडे. बटणाचा टकटक आवाज चांगला आहे, लाल रंगही फिका नाही. पण या दोन्हींवर जाऊ नका. खरा फरक पिनांत. जिथे ६.३ मिलिमीटर रुंदीची पात्याची पिन असते तिथे जाडी ०.८ भरायला हवी, आणि स्वस्त मालात ती पातळ निघते. पातळ पिन कपलरमध्ये सैल बसते, सैल जागा तापते, आणि नवा स्विच जुन्याच्याच वाटेने जातो. खिशात जाडी मोजायचा व्हर्निअर असेल तर दुकानदार काय म्हणेल याची पर्वा न करता लावा. नसेल तर जुना स्विच शेजारी धरून दोन्हींच्या पिना कडेने बघा.

मग मीटर. बटण बाहेर: १५-४९ जोडलेले, ३०-४९ सुटे, ४९ए-एल-आर एकमेकांपासून सुटे. बटण आत: बरोबर उलटं. आकडे छापलेले नसतील तर जुन्या स्विचच्या पिनांशी एकेक जुळवत जा. पिनांची जागा तीच असून आतली जोडणी वेगळी, असे तुकडे याच टांगलेल्या पिशव्यांत सापडतात. सगळ्यात महत्त्वाची चाचणी दुकानात कोणीच करत नाही: ३० आणि १५मध्ये मीटर ठेवून बटण हळूहळू, अर्ध्यावर थांबवत दाबा. बझर कुठेही वाजता कामा नये. वाजला, तर ४९ दोघांनाही एकदम धरतोय. असा स्विच अर्धवट अडकला की किल्ली काढलेली असतानाही ३०चा करंट १५वर उलटा शिरतो, डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणत राहतात आणि सकाळी बॅटरी झोपलेली मिळते. हा एक तुकडा नापास झाला की त्याच पिशव्यांतला दुसरा मागा. दुकानदाराने तपासू दिलं नाही तर दुकान बदला. पन्नासेक वेळा दाबून आणि बटण कडेला किंचित हलवूनही, जोडलेल्या असायला हव्यात त्या पिनांवरचा बझर तुटला नाही, तर पैसे द्या.

जुना उघडून साफ करावा का? कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून काही दिवस ढकलता येतात. पॉलिश पेपर मात्र नको. संपर्काच्या टोकावरचा पातळ थर निघून गेला की खालची पितळ अजून लवकर काजळते.

बसवताना कपलर नीट बघा. आतली एखादी मादी पिन काळी पडली असेल, स्प्रिंगसारखी दाबत नसेल, तर तेवढी कापून नवी क्रिम्प करा (पकडीने दाबून बसवा). हे टाळून घातलेला मूळ कंपनीचा स्विचसुद्धा टिकणार नाही, मग या बिचाऱ्याला दोष कशाला? बॉडीवाल्याने पिंजऱ्यावर वरून जादा इंडिकेटर लावलेत का तेही मोजा. प्रत्येक जादा २१ वॉटचा बल्ब या संपर्कावर पावणेदोन अँपिअर चढवतो; त्यांना वेगळ्या रिलेवर घ्या, नाहीतर बल्ब कमी वॉटचे लावा.

गाडी रोज घाटातली असेल तर मात्र मूळ कंपनीचाच घ्या. पावसाळ्यात धुक्यातून हॅझर्ड लावून तासन्‌तास गाड्या चालतात. चारही दिवे लुकलुकत असताना वळणाचा इशारा मागच्याला कळतच नाही हा भाग वेगळा, पण दर लुकलुकीला ८ अँपिअर, तेही तासन्‌तास, सोसायला हा स्वस्त माल केलेला नाही. गावातल्या गावात भाजी, दूध, खताच्या पोती वाहणाऱ्या गाडीला तपासून घेतलेला बिननावाचा चालून जातो. नव्या, कंट्रोल युनिटच्या गाड्यांना यातलं बरंचसं लागू नाही. तिथे बटण फक्त बारीक इशारा देतं आणि करंट दुसरीकडून जातो, त्यामुळे १५-४९ जोडून बघण्याचा प्रयोग तिथे करू नका.

बसवून झाल्यावर इंजिन चालू ठेवून हॅझर्ड दहा मिनिटं लावा आणि कपलरला मागून बोट लावा. कोमट चालेल. चटका बसला तर स्विच काढून त्याच दिवशी दुकानात परत न्या, आणि बिल मागायला विसरला नसाल अशी आशा आहे.