बॅकअप तपासणारी एक स्क्रिप्ट आणि तीन प्रणाली: नागिओस, झॅबिक्स, प्रोमिथियस

सर्व्हर आणि सेवांवर लक्ष ठेवणारी मॉनिटरिंग प्रणाली निवडताना बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न ‘तयार प्लगइन किती मिळतात’ हाच असतो, आणि त्याच्या उत्तराने निवड फारशी सोपी होत नाही. लिनक्स, विंडोज, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, स्विच, राउटर अशा सर्वांनाच लागणाऱ्या गोष्टींसाठी नागिओस, झॅबिक्स आणि प्रोमिथियस या तिन्हींकडे पुरेसे तयार साहित्य आहे. अडचण सुरू होते ती फक्त आपल्याच घरच्या गोष्टीपाशी: पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुंबलेली रांग, बँकेकडून पहाटे यायला हवी असलेली फाइल, रात्रीचा बॅकअप. तिथे जोडणी आपल्यालाच लिहावी लागते, आणि मग महत्त्वाचे ठरते ते हे की मोजमाप कोणी करायचे, ‘बिघाड आहे’ असा निकाल कोणी द्यायचा आणि तो निकाल बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती राहणार.

तुलनेसाठी एकच साधे काम घेऊ. डेटाबेसचा डंप (संपूर्ण प्रत) रोज रात्री दोन वाजता निघतो आणि जीझिपने आवळून एका फोल्डरमध्ये ठेवला जातो. तो वेळेवर आला की नाही, हे पाहायचे आहे. माझ्या एका जुन्या नोकरीत नेमकी हीच तपासणी अकरा दिवस हिरवी दिसत होती आणि त्या अकरा दिवसांत एकही बॅकअप झालेला नव्हता. डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यामुळे डंपची आज्ञा अयशस्वी होत होती, पण पाइपच्या (आज्ञांच्या साखळीच्या) शेवटी असलेले जीझिप मात्र यशस्वीपणे संपत होते, त्यामुळे स्क्रिप्टचा एक्झिट कोड (संपताना परत दिलेला आकडा) शून्य, म्हणजे ‘यशस्वी’, येत होता आणि दर रात्री बरोबर २० बाइटची एक फाइल तयार होत होती. रिकामी सामग्री आवळली की जीझिप एवढीच फाइल देते: १० बाइटचे शीर्ष, २ बाइटचा रिकामा गठ्ठा आणि ८ बाइटची शेपटी. आम्ही फक्त फाइलचे वय पाहत होतो, आकार नाही. म्हणून पुढे वय आणि आकार या दोन्ही गोष्टी धरल्या आहेत.

नागिओस

१९९९ मध्ये ईथन गॅल्स्टॅड यांनी नेटसेंट या नावाने ही प्रणाली प्रसिद्ध केली आणि २००२ मध्ये तिचे नाव नागिओस झाले. तिच्या विस्ताराचा करार चार आकड्यांचा आहे. प्लगइन म्हणजे कोणत्याही भाषेतला, स्वतंत्रपणे चालणारा कार्यक्रम. तो शून्य परत देऊन संपला तर सर्व ठीक, एक म्हणजे इशारा, दोन म्हणजे गंभीर आणि तीन म्हणजे सांगता येत नाही. सोबत तो एक ओळ छापतो आणि त्या ओळीत उभ्या दांडीच्या पुढे आकडे लिहिलेले असले तर ते आलेखासाठी वापरता येतात. बॅकअपची तपासणी शेलच्या दहाबारा ओळींत होते, टर्मिनलवर हाताने चालवून लगेच पाहता येते आणि दूरच्या सर्व्हरवर एनआरपीई या एजंटमार्फत चालवता येते. नवशिक्या सहकाऱ्याला अर्ध्या तासात शिकवता येईल असा विस्ताराचा मार्ग या तिघांत हाच आहे.

येथे निकाल प्लगइन देते. मूळ प्रणालीला फाइलच्या आकाराशी कर्तव्य नसते. तिला ‘दोन’ हा आकडा कळतो आणि ती लाल दिवा लावते. याचा फायदा असा की ‘डंप फक्त २० बाइटचा आहे, पासवर्ड तपासा’ असे स्वच्छ वाक्य रात्री कामावर असलेल्या माणसाला थेट दिसते. तोटा असा की ‘गेल्या आठवड्याच्या सरासरीपेक्षा आजचा डंप निम्मा आहे का’ हा प्रश्न प्रणालीला विचारता येत नाही; जुने आकडे प्लगइननेच कुठेतरी फाइलमध्ये लिहून ठेवावे लागतात, आणि आलेख हवे असतील तर पीएनपी४नागिओससारखी आणखी एक जोडणी लावावी लागते. पन्नास सर्व्हरवरच्या पन्नास वेगळ्या मर्यादा संरचनेच्या फाइलींत विखुरतात, हेही आलेच.

संख्या वाढली की आणखी एक गोष्ट जाणवते. ५०० सर्व्हर, प्रत्येकी २० तपासण्या, दर पाच मिनिटांनी एकदा, असे धरले तर सेकंदाला ३३ कार्यक्रम सुरू होऊन संपतात. ते सी भाषेत असतील तर सर्व्हर निभावून नेतो. प्रत्येक वेळी पायथनचा इंटरप्रिटर उठवायचा असेल तर त्याची दमछाक होते.

तरीही या कराराची एक बाजू इतरांकडे नाही: तो नागिओसपुरता उरलेला नाही. २००९ मध्ये फुटून निघालेले आयसिंगा, पुढचे नेमॉन आणि नागिओसवरची जोडणी म्हणून सुरू झालेले चेकएमके या सर्वांत तेच प्लगइन चालतात. प्रणाली बदलली तरी लिहिलेले काम वाया जात नाही.

झॅबिक्स

लात्वियातील अलेक्सेई व्लादिशेव यांनी २००१ मध्ये खुली केलेली ही प्रणाली विस्ताराचे काम दोन ठिकाणी वाटते. एजंटच्या संरचनेत ‘यूजर पॅरामीटर’ची एक ओळ लिहायची, म्हणजे एक किल्ली आणि तिच्यासाठी चालवायची आज्ञा. ती आज्ञा फक्त मूल्य परत देते. फाइलचे वय इतके सेकंद, आकार इतके बाइट, एवढेच. निकाल सर्व्हरवरचा ट्रिगर, म्हणजे मूल्यावर लावलेली अट, देतो, आणि ट्रिगर टेम्प्लेटमध्ये, म्हणजे अनेक सर्व्हरना लावता येणाऱ्या साच्यात, राहतो. मागची मूल्ये डेटाबेसमध्ये असल्यामुळे सात दिवसांच्या सरासरीशी तुलना करणारा ट्रिगर एका ओळीत लिहिता येतो. मर्यादा मॅक्रोमध्ये (सर्व्हरनिहाय बदलता येणाऱ्या नावाच्या मूल्यात) ठेवली तर ज्या सर्व्हरचा डंप मुळातच लहान आहे, तिथे स्क्रिप्टला हात न लावता वेब पडद्यावरून ती बदलता येते. ज्या कार्यालयात स्क्रिप्ट लिहिणारा एक आणि मर्यादा ठरवणारे चौघे असतात, तिथे या सोयीचे मोल कळते.

डेटाबेस एक नसून चाळीस असतील तर येथील ‘लो-लेव्हल डिस्कव्हरी’ कामाला येते: स्क्रिप्टने डेटाबेसच्या नावांची जेसन यादी द्यायची आणि त्यावरून चाळीस मोजमापे व त्यांचे ट्रिगर आपोआप तयार होतात. एकेचाळिसावा डेटाबेस उद्या कोणी बनवला तर तोही निमूटपणे यादीत येतो. ४.० आवृत्तीपासून आलेला ‘एचटीटीपी एजंट’, एका खेपेत आणलेल्या जेसनमधून अनेक मूल्ये काढणारे अवलंबित आयटम (आयटम म्हणजे झॅबिक्समधले एक मोजमाप) आणि जावास्क्रिप्टने होणारी पूर्वप्रक्रिया यांमुळे आज अनेक एपीआय वेगळी स्क्रिप्ट न लिहिताच जोडता येतात. माझ्या मते झॅबिक्सची खरी ताकद यूजर पॅरामीटरपेक्षा येथे आहे.

नवख्याला हमखास अडवणारी गोष्ट म्हणजे वेळमर्यादा. ती मुळात तीन सेकंदांची असते आणि ७.० आवृत्तीपूर्वी ३० सेकंदांच्या पुढे वाढवताच येत नसे, ७.० पासून ती आयटमनिहाय ६०० सेकंदांपर्यंत ठेवता येते. डंप उघडून त्याची अखंडता तपासायची असेल तर हे गणित आधी करावे, किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनातून) स्क्रिप्ट चालवून झॅबिक्स सेंडरने निष्पत्ती पाठवावी.

प्रोमिथियस

साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालेली आणि २०१६ मध्ये कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसच्या पाठोपाठ सीएनसीएफ या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या संस्थेत दाखल झालेली ही प्रणाली निकालाचे काम जोडणीकडून पूर्णपणे काढून घेते. एक्स्पोर्टर हा एक छोटा वेब सर्व्हर असतो. तो मागितल्यावर मोजमापांची साधी यादी देतो आणि प्रोमिथियस ठरावीक अंतराने येऊन ती घेऊन जातो. बॅकअपसाठी स्वतंत्र एक्स्पोर्टर लिहिण्याची गरज नसते. सर्व्हरची मोजमापे देणाऱ्या तयार नोड एक्स्पोर्टरमधील, फोल्डरमधल्या फाइली वाचणाऱ्या टेक्स्टफाइल कलेक्टरसाठी डंपच्या स्क्रिप्टने शेवटी दोन ओळींची एक फाइल लिहावी: शेवटचा यशस्वी डंप केव्हा झाला तो क्षण आणि त्याचा आकार. ती आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलावे, नाहीतर कलेक्टर अर्धवट फाइल वाचतो.

येथे ‘वय’ न लिहिता ‘यशाचा क्षण’ लिहिणे महत्त्वाचे आहे. वय लिहिले आणि स्क्रिप्ट बंद पडली तर फाइलमधला जुना आकडा तसाच राहतो आणि बॅकअप कायम ताजाच दिसतो. क्षण लिहिला तर वजाबाकी नियम करतो आणि अंतर आपोआप वाढत जाते. स्क्रिप्टने स्वतः मूल्ये पाठवायची सोय असलेल्या पुशगेटवेतही हाच धोका आहे, कारण तिथे ढकललेले मूल्य कोणी पुसेपर्यंत टिकते. दुसरी चूक लेबलांची, म्हणजे मोजमापाला जोडलेल्या खुणांची: तारखेसह फाइलचे नाव लेबलमध्ये घातले की रोज रात्री एक नवी मालिका जन्माला येते आणि काही महिन्यांनी प्रोमिथियसची मेमरी का फुगली, हे शोधत बसावे लागते.

प्रॉमक्यूएल या प्रोमिथियसच्या प्रश्नभाषेची अभिव्यक्ती इतर दोघांपेक्षा बरीच पुढची आहे आणि सर्व नियम गिटमध्ये राहत असल्याने कोणी कोणती मर्यादा केव्हा बदलली, हे दिसते. मात्र प्रोमिथियसला फक्त संख्या कळतात. ‘पासवर्ड तपासा’ हे वाक्य नियमाच्या टिपणीत आपण आधीच लिहिलेले असेल तरच दिसते. प्रत्यक्ष त्रुटीचा (एररचा) संदेश तिथपर्यंत पोचत नाही. मुळातली साठवणही १५ दिवसांचीच असते. गेल्या वर्षीशी तुलना हवी असेल तर ती वाढवावी लागते किंवा आणखी एक साठवण जोडावी लागते.

जोडणीच मेली तर

तयार तुलनांत हा मुद्दा क्वचितच येतो, आणि माझ्या दृष्टीने निवड येथेच ठरते. नागिओसमध्ये प्लगइनची फाइल हरवली तर एक्झिट कोड १२७ येतो आणि तो कराराबाहेरचा आहे, असा संदेश त्या सेवेसमोरच झळकतो. दुर्लक्ष करणे अवघड असते. झॅबिक्समध्ये तोच आयटम ‘असमर्थित’ होतो, त्यावरचा ट्रिगर अज्ञात स्थितीत जातो आणि मुळातल्या मांडणीत कोणालाही निरोप जात नाही. त्यासाठी ‘नोडेटा’ (मूल्य आलेच नाही, हे ओळखणारे फंक्शन) वापरणारा वेगळा ट्रिगर लिहावा किंवा अंतर्गत घटनांवरची कृती सुरू करावी. प्रोमिथियसमध्ये एक्स्पोर्टर पडला तर ‘अप’ हे मोजमाप शून्य होते, पण टेक्स्टफाइल फोल्डरमधून एखादी फाइल नाहीशी झाली तर ती मालिकाच संपते आणि नसलेल्या मालिकेवर नियम पेटत नाही. तिथे ‘ॲब्सेंट’ (मालिका नाही, हे ओळखणारे फंक्शन) वापरून आणखी एक नियम हवा. म्हणजे सर्वांत जुनी प्रणाली येथे आपण काही न करताही बोलते, बाकी दोघींना बोलायला शिकवावे लागते.

निरोप आणि तिकिटे

बाहेरच्या दिशेची जोडणी नागिओसमध्ये पुन्हा एक आज्ञाच असते आणि पुन्हा सर्व आपल्यावर असते. झॅबिक्सच्या वेबहुकमध्ये (दुसऱ्या प्रणालीला वेबवरून निरोप देणाऱ्या जोडणीत) तिकीट प्रणालीने परत दिलेला क्रमांक टॅग म्हणून घटनेवर राहतो, त्यामुळे बिघाड मिटला की तेच तिकीट बंद करता येते. तयार टेम्प्लेटांत जिरा, सर्व्हिसनाऊ आहेतच. प्रोमिथियसकडे हे काम अलर्टमॅनेजर करतो आणि त्याचे गटीकरण तिघांत उजवे आहे: एक स्विच पडल्यावर साठ संदेशांऐवजी एक संदेश येतो. भारतात एसएमएस पाठवायचा असेल तर मात्र डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर नोंदवलेल्या टेम्प्लेटशी मजकूर जुळावा लागतो, आणि ट्रिगरचे लांबलचक नाव बदलत्या जागेत कोंबले की संदेश वाटेतच अडतो. तिन्ही प्रणालींत यासाठी छोटा मजकूर वेगळा तयार ठेवावा.

आवृत्ती बदलताना

नागिओसचा करार दोन दशकांत बदललेला नाही. मोडते ते प्लगइन ज्यावर उभे आहे ते, जसे २०२० मध्ये आधार संपलेले पायथन २. झॅबिक्सचा सर्व्हर अद्ययावत केला तरी टेम्प्लेटे जुनीच राहतात, ती वेगळी आयात करावी लागतात, आणि अधिकृत टेम्प्लेटमध्ये आपण केलेले बदल त्या आयातीत पुसले जाऊ शकतात. स्वतःची भर नेहमी वेगळ्या टेम्प्लेटमध्ये ठेवावी. प्रोमिथियसमध्ये धोका नावांचा असतो: नोड एक्स्पोर्टरच्या ०.१६ आवृत्तीत २०१८ साली मोजमापांची नावे सरसकट बदलली आणि जुन्या नावांवर लिहिलेले आलेख व नियम एका अद्ययावतीकरणात रिकामे झाले.

निवड

शंभराच्या आत सर्व्हर, एक-दोन माणसे आणि आधीपासून साचलेल्या शेल स्क्रिप्ट अशी स्थिती असेल तर नागिओसच्या करारावर चालणारी प्रणाली घ्यावी. नव्याने सुरुवात असेल तर मूळ नागिओसपेक्षा आयसिंगा किंवा चेकएमके घ्यावे, कारण संरचनेचे श्रम तिथे कमी आहेत. सर्व्हर, स्विच, छपाईयंत्रे, यूपीएस असा मिश्र पसारा आणि वेब पडद्यावरून मर्यादा बदलणारे अनेक हात असतील तर झॅबिक्सला पर्याय नाही. कंटेनर रोज जन्मतात आणि मरतात, आणि तुमचे विकासक स्वतःच्या सेवेत मोजमाप लिहायला तयार आहेत, तर प्रोमिथियसच. विकासक तयार नसतील तर त्याचा अर्धा फायदा आधीच गेलेला असतो. दोन प्रणाली शेजारी चालवणे वाटते तितके वाईट नाही, मात्र एकाच गोष्टीचा निकाल दोघींनी देऊ नये, नाहीतर रात्री कोणावर विश्वास ठेवायचा, हा वाद सुरू होतो.

ठरवण्यापूर्वी दोन दिवस काढावेत. आपल्या घरची एक तपासणी निवडलेल्या दोन प्रणालींत प्रत्यक्ष लिहावी, २० बाइटची एक फाइल मुद्दाम डंपच्या जागी ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ती स्क्रिप्टच तिथून हलवावी. फोन पहिल्या दिवशी वाजतो का, हे पाहावेच; पण दुसऱ्या दिवशी किती वेळाने वाजतो, हे घड्याळ लावून पाहावे.