स्लिप इंडिकेटर, अकरा महिने वापरून (आणि आईची लोकर)

या गोळीला एक स्टार द्यायचा ठरलं होतं. अर्धा रिव्ह्यू लिहूनही झाला होता, तो पुसून हा लिहितोय.

उपकरण उडवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे: वाकडी काचेची नळी, आत काळी गोळी. विमान हवेत तिरकं घसरायला लागलं की ती मधल्या दोन रेघांबाहेर सरकते. ४,२०० रुपये, कुरियर वेगळं. विमान घरी बांधलेलं, दोन सीटचं, रोटॅक्स ५०३ इंजिन मागच्या बाजूला. गोव्यात उडवायची सोय नाही. दाबोळीची धावपट्टी नौदलाची, मोपा जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं खरं, पण आमच्या फडफड्याला तिथं कोण विचारतंय! म्हणून चोर्ला घाट चढून पलीकडं मित्राच्या धावपट्टीवर. पावसाळ्यात पंख काढून सगळं फोंड्याच्या शेडमध्ये, गणेश चवथ झाली की पुन्हा जोडणी.

यंदा जोडल्यापासून सरळ उडतानासुद्धा गोळी उजव्या रेघेबाहेर. शेपटीच्या सुकाणूचं उजवं पेडल पायानं सतत दाबून धरायचं. गोळी जागेवर आणता आणता पोटरीत गोळा यायचा. विक्रेत्याला फोन केला. "सर, तुमचं पॅनल तिरकं असेल." मी पेटलोच. पण चाकांखाली फळ्या सरकवून, पाणसळ लावून विमान समपातळीत घेतलं, तर गोळी उभ्या जागीच थोडी उजवीकडं. पॅनल माझंच तिरकं.

बरं, मग उपकरणाची भोकं लांबट का नाहीत? तिन्ही नेमकी गोल. मिलिमीटरभर लांब ठेवली असती तर दोन अंश फिरवून स्क्रू आवळले असते. त्याऐवजी गोल कानस घेऊन पॅनलची भोकं घासण्यात दोन संध्याकाळी गेल्या. ४,२०० रुपयांत एक मिलिमीटर येत नाही?

तरी हवेत गोळी उजवीकडंच, जरा कमी. आता मात्र माल परत करायला काढला. उत्तर आलं, "स्क्रू लावलेला माल परत घेत नाही." स्क्रू न लावता काय कपाळावर चिकटवायची होती?

रागाच्या भरात आईच्या गुंड्यातली वीतभर लाल लोकर पुढच्या काचेवर मधोमध चिकटवली. आमचा प्रोपेलर मागे, म्हणून पुढं हवा स्वच्छ मिळते. नाकावर पंखा असलेल्यांनी हा नाद करू नये. राइट बंधूंकडंही असाच दोरा होता, आणि यू-२ हेरविमानाच्या काचेवरही असतो. गोळी जिकडं, तिकडचा पाय द्यायचा. लोकरीचं शेपूट जिकडं, त्याच्या उलट बाजूचा.

शेपूट डावीकडं. म्हणजे गोळी खरं बोलत होती आणि मी आठ दिवस तिला शिव्या घालत होतो.

मग शेजारच्या गवंड्याचा लेव्हल पाइप आणून दोन्ही पंखांचे कोन मोजले. डाव्या मागच्या स्ट्रटचा फोर्क उजव्यापेक्षा अडीच फेरे बाहेर. (स्ट्रट म्हणजे पंखाला खालून तोलणारा दांडा, फोर्क म्हणजे त्याच्या टोकाचा, आट्यांवर फिरणारा तुकडा.) पावसाळ्यात गंज काढताना मीच फिरवला होता, खुणेचा रंगही पुसला होता. स्ट्रट लांब झाला, पंखाची मागची कड वर गेली, कोन आणि उचल कमी, पंख जड. तो सावरायला स्टिक नकळत उजवीकडं. डावं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) खाली, तिकडं हवेचा अडथळा जास्त, नाक डावीकडं. अर्धा-अर्धा फेरा आत घेत, दर खेपेला उडवून बघत गेलो. प्रत्येक वेळी तपासणीच्या भोकात तार घातली (आरपार गेली तर आटे पुरेसे अडकलेले नाहीत), मग लॉकनट. अडीच फेरे आत गेल्यावर स्टिक सोडून बसलो, विमान सरळ.

आता ३० अंशांच्या वळणात स्टिक आणि पाय एकत्र गेले की गोळी हलत नाही. उतरतानाच्या शेवटच्या वळणावर मात्र लोकरच बघतो, कारण नजर बाहेर राहते. तिथं पट्टी चुकतेय म्हणून पायानं नाक आत ओढलं की आतला पंख आधी स्टॉल होतो, म्हणजे उचल गमावतो, आणि त्या उंचीवर स्पिन (गरगरत खाली येणं) सावरायला जागा नसते.

काल विक्रेत्याचा मेसेज आला: प्रॉडक्टला रेटिंग द्या. गोळीला पाच, भोकांना एक.