जुन्या एमजीबीसाठी ॲल्युमिनियम रेडिएटर आणि विजेचा पंखा: पंखा घ्या, बाकीचं बघून घ्या

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. या संचातला पंखा उत्तम, पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर त्याहून उत्तम, रेडिएटर ठीकठाक, झाकण चुकीचं, आणि सोबतचा सूचनांचा कागद असून नसल्यासारखा. कंपनीचं नाव लिहीत नाही. असे संच बरेच जण बनवतात आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांची गत हीच असते.

गाडी १९६६ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. १७९८ सीसी इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं. चार्जिंगला डायनॅमो आणि बॅटरीचं धन टोक बॉडीला, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे हिनेच सगळ्यात जास्त पिडलं.

तक्रार जुन्या गाड्यांची नेहमीचीच. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा जागचा हलत नाही, पण गर्दीत अडकलो की सरकत सरकत वर जातो. या लक्षणातच अर्धं निदान असतं. उभ्या गाडीत तापतं आणि वेग घेतला की निवतं, तर हवा कमी पडते आहे. मूळ पंखा इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, त्यामुळे इंजिन मंद तर तोही मंद, म्हणजे जेव्हा त्याची खरी गरज तेव्हाच तो पेंगतो. उलट वेगात तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही: नळ्या तुंबलेल्या, खालचा होज आतून चिपकतो आहे किंवा पाण्याच्या पंपातलं पातं झिजलं आहे. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं किंवा मिश्रण पातळ झालं तरी इंजिन तापतं, आणि त्यावर कुठलाही रेडिएटर उतारा नाही. हे तपासल्याशिवाय खरेदीला हात घालू नये.

माझ्याकडे हवा कमी पडत होती आणि काही नळ्याही तुंबल्या होत्या. गरम इंजिनवर जुन्या रेडिएटरच्या जाळीवरून इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला तर मधल्या भागात गार पट्टे सापडले, म्हणजे तेवढ्या नळ्या बंद. नळ्यांमधल्या पत्र्याच्या पाकळ्या चिमटीत धरल्या तर हिरवट भुगा हातात आला. अशा जाळीला साफ करून घेण्यात अर्थ नव्हता. पण तुमच्या जाळीच्या पाकळ्या शाबूत असतील, तर जुन्या पितळी टाक्या ठेवून फक्त नवी कोअर (मधली जाळी) डाखून घ्या. मी आजही तोच सल्ला देईन.

नवा रेडिएटर खोक्यातच ठेवून आधी ब्लॉक साफ केला, कारण ब्लॉकमधला गाळ नव्या नळ्यांत जाऊन बसायला वेळ लागत नाही. ब्लॉकच्या मागच्या अंगाला पाणी सोडायची तोटी असते. ती उघडली तर थेंब नाही. पूर्ण काढली, तरी काही नाही. मग त्या भोकात जाड तार घालून खुपसत राहिलो. आधी तपकिरी ओल आली, मग चॉकलेटी चिखलाचा एक गोळा बाहेर पडला आणि त्याच्यामागे पाण्याची धार सुटली. चौथ्या सिलिंडरभोवती हा गाळ सगळ्यात दाट साचतो आणि त्यात ढलाईच्या वेळची वाळूही निघते. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून, वरून नळी लावून उलट्या दिशेने पाणी सोडत राहिलो, ते स्वच्छ येईपर्यंत. एवढ्यानेच काटा थोडा शहाणा झाला. हे काम कुठल्याही संचात मिळत नाही आणि त्याची जाहिरातही होत नाही.

आता रेडिएटर. ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त उष्णता वाहतं असं सर्रास सांगतात, ते साफ खोटं आहे. तांब्याची उष्णतावाहकता साधारण ४००, ॲल्युमिनियमची २३५ च्या आसपास. ॲल्युमिनियमचा फायदा वेगळाच आहे. धातू हलका आणि मजबूत, म्हणून नळ्या रुंद करता येतात. रुंद नळी पाकळीला जास्त जागी चिकटते आणि जोडावर डाखाचा थर आडवा येत नाही. वजन तर उचलताक्षणी कळतं. पण मोकळ्या रस्त्यावर काटा आधी जिथे होता, आजही तिथेच आहे, आणि तो तिथेच असायला हवा. तिथलं तापमान थर्मोस्टॅट ठरवतो, रेडिएटर नाही. माझा ८२ अंशांचा आहे. रेडिएटर कितीही मोठा लावा, इंजिन त्याच्या फार खाली जाणार नाही. गाडी तापते म्हणून ७४ चा थर्मोस्टॅट बसवणाऱ्यांनाही हेच सांगणं: तो फक्त लवकर उघडतो, उघडल्यावर जास्त उष्णता बाहेर टाकत नाही.

झाकणाबद्दल मात्र माझी खरी तक्रार आहे. संचासोबत १५ पाउंडांचं, म्हणजे दर चौरस इंचाला तेवढा दाब धरणारं, झाकण आलं. माझ्या गाडीवर ७ चं होतं. दाब १ पाउंड वाढला की उकळण्याचा बिंदू दीड-पावणेदोन अंशांनी वर जातो. नुसतं पाणी ७ पाउंडांवर ११० अंशांच्या जरा वर उकळतं, १५ वर १२० च्या आसपास. ऐकायला छान. पण तो दाब एकट्या नव्या रेडिएटरवर पडत नाही. हीटरची पन्नास-साठ वर्षांची डाखलेली जाळी, हीटरचा व्हॉल्व्ह, पंपाचं सील, सगळ्यांनाच तो सोसावा लागतो. हीटरची जाळी फुटली तर गरम पाणी थेट आतल्या गालिच्यावर, पायांपाशी. मी १० चं झाकण लावलं आणि निर्धास्त आहे. सूचनांच्या कागदावर याबद्दल चकार शब्द नाही.

फिटिंगबद्दल: खालच्या ब्रॅकेटची भोकं जुळली नाहीत, कानशीने लांबट करावी लागली. खालच्या नळीच्या तोंडाला वेल्डिंगचा काटा राहिला होता. तो घासला नसता तर होज आतून कापत गेला असता. पंखा मात्र घेराला चार बोल्टांनी पक्का बसतो, हे फार बरं केलं आहे. स्वस्त संचांमध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या जाळीतून आरपार ओवून पंखा टांगतात. त्या पट्ट्या थरथरत नळ्या घासतात आणि एक दिवस जाळीतून पाणी यायला लागतं.

पंख्याला मी पैकीच्या पैकी देतो. तो इंजिनच्या बाजूला बसून हवा आत ओढतो आणि घेरामुळे कोपऱ्यांतूनही हवा येते. घेर नसेल तर पंख्याच्या वर्तुळाबाहेरची जाळी नुसती बघत बसते. ९२ अंशांना चालू, ८७ ला बंद, असा स्विच वरच्या टाकीत बसवला आहे. गर्दीत काटा चढायला लागतो, पंखा घुमतो, थोड्या वेळात काटा खाली. तासाला ५०-६० किलोमीटरच्या वर गेल्यावर पंखा चालू झालेला मी पाहिलेला नाही, समोरून येणारी हवाच पुरते.

हा ९२-८७ चा साधा स्विच मात्र मी वेगळा आणला. संचात इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर येतो आणि तो पॉझिटिव्ह अर्थवर चालत नाही. खोक्यावर तसं लिहिलेलं नाही. तापून वाकणाऱ्या धातूच्या पत्तीने चालणाऱ्या साध्या स्विचला प्रवाह कुठून कुठे जातो याच्याशी देणंघेणं नसतं. रिलेही (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) डायोड नसलेला घ्या, कारण डायोड प्रवाह एकाच दिशेने जाऊ देतो. पंख्याच्या दोन वायरी अदलाबदल करून जोडाव्या लागतात, नाहीतर तो उलटा फिरतो आणि इंजिनची गरम हवा पुढे ढकलतो. खात्री करायची तर जाळीसमोर कागद धरा, चिकटला पाहिजे.

मग येतो डायनॅमोचा हिशेब. माझा जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो आणि इंजिन मंद असताना जवळपास शून्य. क्लॅम्प मीटरवर पंखा ८ च्या आसपास खातो. हेडलाइट ९, इग्निशन ३-४, मागचे दिवे आणि वायपर मिळून आणखी ४-५. बेरीज तुम्हीच करा. पावसाळी रात्री गर्दीत पंखा निव्वळ बॅटरीवर चालतो. मी अशा वेळी गाडी क्वचितच काढतो, म्हणून डायनॅमो ठेवला. रोज वापरणाऱ्याने अल्टरनेटरचा खर्च याच संचात धरावा, आणि त्यासाठी अर्थिंग उलटं करावं लागेल, म्हणजे आरपीएमच्या घड्याळातही दुरुस्ती आली.

मोजमापाबद्दल एक सांगून ठेवतो. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला तर तो धादांत खोटं बोलतो. इंजिन पूर्ण तापलेलं असताना नव्या टाकीवर त्याने चाळिशीतला आकडा दाखवला. तिथेच काळी चिकटपट्टी लावून धरला तर ऐंशीच्या पुढचा. ‘नवा रेडिएटर लावला आणि तापमान निम्म्यावर आलं’ असं कुणी सांगितलं, तर आधी चिकटपट्टी लावली होती का ते विचारा.

ॲल्युमिनियम आणलं की साधं नळाचं पाणी विसरा. गंजरोधक कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हीटरची जाळी शिशाच्या डाखाची असेल तर जुन्या धाटणीचं सिलिकेटवालं कूलंट निवडा. पंख्याचं अर्थिंग रेडिएटरच्या ब्रॅकेटला कधीही देऊ नका, सरळ बॉडीला द्या. भटका प्रवाह कूलंटमधून वाहायला लागला तर ॲल्युमिनियमला आतून भोकं पडतात. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थ टोकाला, दुसरं झाकणातून कूलंटमध्ये बुडवून, पंखा आणि दिवे चालू करून बघा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मी कूलंट बदलताना दर वेळी हे बघतो.

आता घ्यावा कुणी? १९६७ पर्यंतच्या गाडीवाल्यांनी, जाळी गेली असेल तरच पूर्ण संच, नाहीतर घेरासकट नुसता पंखा. १९६८ पासूनच्या गाड्यांत अल्टरनेटर आणि निगेटिव्ह अर्थ कंपनीकडूनच येतो, त्यांना संचातला कंट्रोलरही चालेल, फक्त झाकण बदला. आणि १९७७ पासूनच्या गाड्यांत विजेचा पंखा मुळातच आहे, रेडिएटरही पुढे सरकवलेला आहे, त्यामुळे त्यांना हा संच बसणारच नाही. त्यांनी पंख्याचा स्विच आणि रिलेची जोडणी तपासावी, बहुतेक वेळा दुखणं तिथेच निघतं.