वर्डच्या फाइलवर दुसरंच सेव्ह झालं: नावानं शोधावं की ठशानं?

आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी दोन वर्षं वर्डमध्ये उतरवत होतो. मार्चमधल्या एका संध्याकाळी सोसायटीला अर्ज लिहायचा होता. ओव्यांच्या फाइलमध्ये फॉन्ट आणि समास आधीच बसवलेले होते, म्हणून तीच उघडली, मजकूर पुसला, अर्ज लिहिला, सवयीनं कंट्रोल-एस दाबलं आणि वर्ड बंद केला. ‘सेव्ह ॲज’ करायचं राहून गेलं. बॅकअप नव्हता. ओव्या सांगणारी आत्या ८१ वर्षांची आहे.

वर्ड अजून उघडाच असेल तर आधी कंट्रोल-झेड दाबत राहा, सेव्ह केल्यानंतरही ते चालतं. फाइल वनड्राइव्हमध्ये असेल तर तिथं जुन्या आवृत्त्या मिळतात. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ही बघून घ्या. माझ्याकडे सिस्टिम प्रोटेक्शन, म्हणजे जुन्या प्रती राखणारी विंडोजची सोय, बंद होतं, त्यामुळे तिथं काहीच नव्हतं. लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असेल तर पुढे सांगितलेल्या दोन्ही मार्गांकडून फार आशा ठेवू नका. ट्रिम, म्हणजे मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणारी सोय, चालू असलं की मोकळ्या झालेल्या जागेतलं जुनं काही सहसा वाचता येत नाही. माझी जुनी हार्ड डिस्क होती, हे नशीब. लॅपटॉप लगेच बंद केला, डिस्क काढली आणि यूएसबी केबलनं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली.

मग प्रश्न आला साधन कोणतं वापरायचं याचा. फुकटात मिळणारी साधनं ढोबळमानानं दोन जातींची. काही एनटीएफएसची (विंडोज डिस्कवर फाइली ठेवतं त्या पद्धतीची) एमएफटी, म्हणजे डिस्कची नोंदवही वाचतात आणि पुसलेल्या फाइलींची नावं, तारखा, फोल्डर दाखवतात. दुसरी नोंदवहीकडे बघतच नाहीत. डिस्कच्या मोकळ्या जागेत फाइलीच्या सुरुवातीचा ठसा, म्हणजे त्या प्रकारच्या फाइलींच्या सुरुवातीला असणारी ठरावीक खूण, शोधत जातात आणि सापडेल ते बाहेर काढतात. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचं फोटोरेक या दुसऱ्या जातीचं. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज फाइल रिकव्हरी’त दोन्ही पद्धती आहेत, पण ते कमांड लिहून चालवावं लागतं.

मी आधी पहिल्या जातीचं एक साधन घेतलं. दिसायला सुटसुटीत, यादी नीट लावलेली, प्रत्येक फाइलीपुढे ती किती शाबूत आहे त्याचा रंगीत ठिपका. माझ्या फाइलीच्या नावानं शोधलं तर काहीच आलं नाही, आणि विचार केल्यावर ते बरोबरच वाटलं. ते नाव आता अर्जाकडे होतं, आणि अर्ज तर डिस्कवर जिवंत होता. वर्ड सेव्ह करताना नवा मजकूर वेगळ्या तात्पुरत्या फाइलीत लिहितो, जुनी फाइल बाजूला करून पुसतो आणि नव्या फाइलीला जुनं नाव देतो. बाजूला केलेली जुनी प्रत बहुतेकदा ‘~डब्ल्यूआरएल’नं सुरू होणाऱ्या टीएमपी नावाखाली असते. म्हणून या जातीच्या साधनात स्वतःच्या फाइलीचं नाव शोधू नका, टीएमपी शोधा.

तशा चाळीसेक निघाल्या, बहुतेकांपुढे हिरवा ठिपका. नावाचं शेपूट टीएमपीऐवजी वर्डचं डॉकएक्स केलं आणि एकेक उघडत बसलो. पहिली उघडेना. दुसरीत नुसती चिन्हं. तिसरी ‘फाइल खराब आहे’ म्हणाली. रात्री साडेअकरापर्यंत हेच चाललं होतं, आणि प्रत्येक हिरव्या ठिपक्याला छातीत धडधड व्हायची. पुसलेल्या फाइलीची जागा आत्ता कोणत्या जिवंत फाइलीकडे नाही, एवढंच तो ठिपका सांगतो. मधल्या काळात तिथं दुसरं काही लिहून पुसलं गेलं असेल तर ते त्याला कळत नाही. हे समजल्यावर त्या यादीवरचा माझा विश्वास उडाला.

फोटोरेक वापरायला रुक्ष आहे. काळा पडदा, बाणांच्या कळा. खिडकीवाली आवृत्तीही आहे, पण तीही साधीच. दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. फाइलींच्या प्रकारांत फक्त ‘झिप’ ठेवा, कारण डॉकएक्स आतून झिपच असते. शोध ‘फ्री’ म्हणजे मोकळ्या जागेपुरता लावा. काढलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर ठेवायच्या, हे सांगायला नको. माझ्या ५०० जीबीच्या डिस्कला पूर्ण रात्र लागली.

सकाळी तीन फोल्डर भरले होते. फोटोरेक एका फोल्डरात पाचशे फाइली टाकतं. मूळ नावं गेलेली, ‘एफ’ आणि पुढे लांबलचक आकडा. अनेकांना हे नको वाटतं, आणि हजारो फोटो परत आणायचे असतील तर मलाही नको वाटेल. मजकुराच्या फाइलीचं तसं नाही, तिला आतल्या शब्दावरून ओळखता येतं. मी विंडोजच्या शोधात फाइलींच्या मजकुरासकट शोध लावला आणि ‘बंधवा’ टाकलं. आत्या ओव्यांत माझ्या वडिलांना तसं म्हणते. माझ्या बाकी कुठल्याच कागदात तो शब्द नाही.

चार फाइली आल्या, चारही उघडल्या.

फाइल मोठी असेल, चित्रं असतील, डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असेल, तर ठशाची पद्धत अर्धवट फाइल देऊ शकते, आणि तिथं नोंदवहीवालं साधन कदाचित सरस ठरेल. नुसती डिलीट झालेली फाइल असेल तर मीही आधी तेच चालवीन, नाव आणि फोल्डर हातात येतं म्हणून. पण वरून दुसरं सेव्ह झालं असेल आणि फाइल चाळीस-पन्नास केबीची, निव्वळ मजकुराची असेल, तर मी एक रात्र फोटोरेकला देईन.

चारपैकी सगळ्यात नव्या प्रतीत १३७ ओव्या होत्या. शेवटच्या रविवारी टाइप केलेल्या सहा त्यात नव्हत्या. आत्यानं त्या फोनवर पुन्हा सांगितल्या, एक थोडी वेगळी. मी दोन्ही रूपं ठेवली आहेत.