म्हाताऱ्या कुत्र्यासाठी गोठ्यातली काऊ मॅट

आमची राणी अकरा वर्षांची लॅब्रॅडॉर. आम्ही साताऱ्यात शाहूनगरात राहतो, अजिंक्यतारा किल्ल्याचा चढ दारातच. यंदाच्या पावसाळ्यात ती त्या चढाच्या तोंडाशीच थांबायला लागली. झोपून उठली की पहिली चार पावलं आखडलेली, मग मोकळी. दिवाणावरची उडी बंद झाली. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकायची. कुत्रं सांधा दुखतो म्हणून केकाटत बसत नाही, त्यामुळे या बारीकसारीक गोष्टीच बघाव्या लागतात.

डॉक्टरांनी एक्स-रे काढून खुब्याचा संधिवात सांगितला. वजन उतरवायचं, लिव्हर-किडनीसाठी रक्त तपासून मगच कुत्र्यांची वेदनाशामक गोळी, आणि घरात घसरू द्यायचं नाही. (आपली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक तिला कधीही देऊ नका. पोटात अल्सर होतो, किडनी निकामी होते.)

घसरण्याचा प्रश्न मोठा होता, कारण घरभर गुळगुळीत टाइल्स. सतरंजी तिच्या पायाखालून सरकायची. शेवटी मार्केट यार्डाकडच्या एका डेअरी साहित्याच्या दुकानातून गोठ्यात अंथरतात ती रबरी काऊ मॅट आणली. दुकानदारांनी आधी विचारलं, "गाय का म्हैस?" कुत्र्यासाठी म्हटल्यावर ते हसले नाहीत. राणी कुठून कुठे चालते हे नीट विचारून घेतलं आणि साडेसहा बाय चार फुटांची अख्खी मॅट पट्ट्यांत कापून दिली. कापायचे पैसेही घेतले नाहीत.

मॅट वजनदार आहे, म्हणून जागची हलत नाही. वरच्या खडबडीत बाजूवर नखं छान धरतात. स्वयंपाकघर ते अंगण एवढी वाट टाकली आणि त्याच संध्याकाळी राणी पाण्याच्या भांड्यापर्यंत कुणी न उठवता गेली. मला भरून आलं.

उणं म्हणाल तर रबराचा वास. उन्हात टाकून, साबणाने घासूनही आठवडाभर घरात होता. धुवायला दोन माणसं लागतात. आणि झोपायला ही मॅट कडक आहे, कोपरांना घट्टे पडतील. तिथे आम्ही वर जाड कापसाची गादी घालतो, थंडीत तर हवीच.

चालण्याच्या वाटेसाठी डोळे झाकून घ्या. कापून मात्र दुकानातूनच आणा, घरच्या सुरीने ती कापत नाही.