स्कॅनकोड टूलकिट: पॅकेज सांभाळणाऱ्याच्या नजरेतून

जळगावात बसून फेडोरा या लिनक्स प्रणालीसाठी काही पॅकेजे (बसवण्यासाठी बांधून दिलेली सॉफ्टवेअरे) सांभाळताना गेली दोन वर्षे मी स्कॅनकोड टूलकिट हे कोडमधले परवाने तपासणारे साधन वापरत आहे. पॅकेजच्या दर्शनी लायसन्स फाइलीत एक परवाना जाहीर केलेला असतो आणि आत कुठेतरी उसन्या आणलेल्या फाइलीच्या माथ्यावर भलताच लिहिलेला असतो. अशी फाइल हुडकणे हे या साधनाचे खरे काम, आणि ते काम ते चोख करते.

मागच्या मे महिन्यात एका पॅकेजच्या नव्या आवृत्तीने याचा प्रत्यय दिला. बाहेर एमआयटी हा फारशा अटी नसलेला मुक्त परवाना होता आणि मीही तेवढेच पाहून समाधान मानले होते. स्कॅनकोडने मात्र तिसऱ्या फोल्डरातल्या एका लहानशा जेसन पार्सरवर (जेसन स्वरूपातली माहिती वाचणाऱ्या कोडवर) बोट ठेवले. त्याच्या परवान्याचा मजकूर जवळजवळ एमआयटीचाच आहे, परंतु सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नव्हे, असे एक वाक्य त्यात जादा आहे. वाचायला ते गोड वाटते. पण वापरावर अट आली की परवाना मुक्त राहत नाही, म्हणून फेडोरा आणि डेबियन (आणखी एक लिनक्स प्रणाली) हे दोन्ही प्रकल्प तो नाकारतात. जुळलेला मजकूर ओळींच्या क्रमांकांसह मिळत असल्याने ते वाक्य मला शोधत बसावे लागले नाही.

प्रत्येक निष्कर्षापुढे हे साधन १०० पैकी गुणही देते, आणि नवखा माणूस नेमका तिथे फसतो. माझ्याकडे पॅकेजिंग शिकणाऱ्या धुळ्याच्या एका मुलाने विचारले होते, "दादा, १०० दाखवतंय, म्हणजे चालेल ना?" ते गुण मजकूर किती जुळला याचे असतात. सीसी-झीरो हा लेखकाने आपले हक्क सोडून देण्याचा परवाना स्कॅनकोड अचूक ओळखते. पण त्या परवान्यातून पेटंटचे हक्क स्पष्टपणे वगळलेले असल्यामुळे फेडोराने २०२२ मध्ये तो कोडसाठी नामंजूर केला आणि आशयासाठी (मजकूर, चित्रे वगैरेंसाठी) तेवढा चालू ठेवला, हे त्या गुणांवरून कळत नाही. कोणता परवाना चालतो आणि कोणता नाही हे सांगणारी धोरणाची फाइल जोडण्याची सोय आहे खरी, मात्र ती आपणच लिहायची असते.

सापडलेल्या फाइलीचे पुढे काय करायचे, हेही आपल्याच डोक्यावर. बिल्डच्या, म्हणजे पॅकेज बांधण्याच्या, तयारीत ती पुसून भागत नाही, कारण सोर्स आरपीएममध्ये (फेडोराच्या मूळ कोडच्या पॅकेजात) मूळ टारबॉल, म्हणजे लेखकांनी दिलेला कोडचा गठ्ठा, जसाच्या तसा जातो. त्यामुळे ती वगळून टारबॉल नव्याने बांधावा लागतो आणि तो कसा बांधला याची स्क्रिप्ट सोबत ठेवावी लागते. डेबियनकरांना कॉपीराइट फाइलीतल्या फाइल्स-एक्सक्लूडेड (वगळलेल्या फाइली) या नोंदीमुळे हे सोपे जाते. मी पार्सर काढून दुसरी लायब्ररी जोडली आणि तो बदल (पॅच) मूळ लेखकांकडे पाठवला.

वेगाबद्दल मात्र तक्रार आहे. मोठे पॅकेज तपासायला फार वेळ लागतो, आणि प्रोसेसरचे सगळे कोर कामाला लावावेत तर जळगावच्या उन्हाळ्यात लॅपटॉपवर हात ठेववत नाही. शिवाय रीडमी या माहितीच्या फाइलीतला परवान्याचा निव्वळ उल्लेखही निष्कर्ष म्हणून अहवालात येतो. डेबियनचे लायसन्सचेक हे याच कामाचे साधन बरेच झटपट आहे, परंतु त्याची भिस्त मुख्यतः फाइलीच्या सुरुवातीवर असते. म्हणून दिवसा मी त्याच्यावर भागवतो आणि स्कॅनकोड रात्री जेवणानंतर लावून झोपतो.