राणीछाप की शिवराई: पहिलं नाणं कोणतं घ्यावं?

जुनी नाणी जमवायला लागलं की मन शिवराईकडं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याकडं ओढतं, ते कोल्हापुरात वेगळं सांगायला नको. पण फसायचं नसेल तर पहिलं नाणं राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा असलेला चांदीचा रुपया घ्या.

राणीछापाला ठरलेलं माप आहे. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. झिजून थोडं कमी भरेल. जास्त भरलं तर शंका घ्या. छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि नाणं दोऱ्याला बांधून, तळाला न टेकवता बुडवा. आकडा १.१३ ग्रॅमच्या आसपास यायला हवा. तेवढ्याच वजनाचं मुलामा दिलेलं पितळ असेल, तर तो १.३५ च्या वर जातो. मग भिंग घ्या. ओतीव नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ, अंगावर बारीक छिद्रं, अक्षरं वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत. गुजरीतला सराफ कसोटीला लावून ‘खरी आहे’ म्हणाला, तर तो चांदीबद्दल बोलतोय, नाण्याबद्दल नाही. चोख चांदीतही नक्कल पडते. चुंबकावरही फार भिस्त नको: १९४७ चा रुपया निकेलचा, अस्सल असूनही चिकटतो.

शिवराईला काटा फारसा कामाचा नाही. हातानं ठोकलेलं तांबं ते; वजन मागंपुढं, ठसा सरकलेला, ‘श्री राजा शिव’ मधली निम्मी अक्षरं बाहेर. इथं उलटं बघायचं. दोन शिवराया हुबेहूब निघाल्या, तीच चीर, तोच तिरकेपणा, की दोन्ही एकाच साच्यातल्या समजा.

पण शिवराईतला मोठा घोळ नकलेचा नाहीच. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर महाराजांनी पाडलेलं हे नाणं पुढं पेशवाईतही त्याच नावानं पडत राहिलं. मधे दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी बरीच नंतरची. म्हणजे नाणं अस्सल, गोष्ट खोटी. मी स्वतः एक दुदांडी ‘महाराजांच्या काळातली’ म्हणून तिप्पट पैसे मोजून घेतलीय. अजून कपाटात आहे.

सोन्याच्या होनाच्या वाटेला जाऊच नका, अस्सल मोजकेच आहेत. १८१८ साल घातलेला, राम-सीतेचं चित्र असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा ‘रामदरबार’ आणा तर कंपनीनं कधी पाडलाच नाही.

शिवराईच हवी असेल, तर पावतीवर ‘शिवकालीन’ लिहून मागा. विकणारा पेन उचलायला कचरला, तर दुदांडीच्याच भावानं बोला.